पहिले प्रमाणपत्र कोणते?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या भागात एक प्रश्न घरोघर निघतो. सेलूच्या बाजारात, जिंतूर-पाथरीच्या एस.टी. स्टँडवर, मानवतच्या मोंढ्यात तो ऐकू येतो आणि फिरत फिरत शेवटी शाळेतल्या शिक्षकांपाशी येऊन थांबतो. "गुरुजी, पोराला कॉम्प्युटरचा कोणता कोर्स लावावा? लवकर नोकरी लागली पाहिजे." पोरगा म्हणतो, पुण्याला जायचे. शेजारी सांगतो, अमक्या क्लासची जाहिरात पाहिली, सहा महिन्यांत नोकरीची हमी देतात. आई मनातल्या मनात हिशेब करीत असते की, कापसाच्या पैशातून फीला किती द्यायचे आणि पेरणीला किती राखायचे. प्रश्न दिसायला लहान. पण त्यात एका मुलाचे एक वर्ष आणि घरच्या एका हंगामाची कमाई गुंतलेली असते. म्हणून त्याचा आज जरा सावकाशीने विचार करू.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कुणी म्हणतो नेटवर्किंग, कुणी म्हणतो क्लाउड, कुणी म्हणतो पायथन. पण मुळात प्रश्नच थोडा उलटा विचारला जातो. आधी कोर्स ठरवायचा आणि मग त्यातून काय मिळते ते पाहायचे, असा आपला क्रम असतो. तो फिरवला पाहिजे. आधी काम ठरवावे. त्या कामासाठी नोकरी देणारे लोक कोणता दाखला मागतात ते पाहावे. आणि त्यानंतरच पैसे मोजावेत. "मला आय.टी.त जायचे आहे" असे म्हणणे म्हणजे सेलू स्टेशनच्या खिडकीशी उभे राहून "मला गाडीने जायचे आहे" असे म्हणण्यासारखे आहे. आतला मनुष्य विचारणारच, "कुठले तिकीट देऊ? परभणीकडचे, की जालन्याकडचे?"

आता प्रमाणपत्र म्हणजे काय, हे शेतकऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते, हे आपण सारे जाणतो. त्यावर वाण, लॉट नंबर, उगवणीचे शेकडा प्रमाण आणि मुदत लिहिलेली असते. सोयाबीनचे प्रमाणित बियाणे असेल तर शंभरात निदान ७० दाणे उगवले पाहिजेत, असा दंडक आहे. हे लेबल आपल्याला काय सांगते? एका तिसऱ्या यंत्रणेने हे बियाणे तपासले आहे आणि ते ठरलेल्या मापाला उतरले आहे, एवढेच. पीक हमखास येईल असे ते सांगत नाही. जमीन, पाऊस, पेरणी, खुरपणी हे सारे पुढचे आहे. शिवाय त्या लेबलाची मुदत तपासणीच्या तारखेपासून ९ महिने. ती उलटली की बियाणे पुन्हा तपासावे लागते.

संगणकाच्या प्रमाणपत्राचे अगदी असेच आहे. या मुलाला किंवा मुलीला अमुक इतके येते, हे कुणा तिसऱ्याने तपासून पाहिले आहे, असे ते सांगते. नोकरी मिळेलच असे ते सांगत नाही. मात्र ज्याच्या घरात कुणी त्या धंद्यात नाही, ज्याच्या कॉलेजचे नाव पुण्या-मुंबईत कुणाला ठाऊक नाही, त्याच्या अर्जाकडे दोन मिनिटे लक्ष देऊन पाहिले जावे, एवढे काम चांगले प्रमाणपत्र खात्रीने करते. आपल्या भागातल्या मुलांना हे दोन मिनिटांचे लक्ष मिळणेच कठीण जाते. म्हणून ही निवड डोळसपणे करायची.

तर मग आधी काम पाहू. नवख्या मुलाला जी कामे मिळू शकतात त्यांचे ढोबळ मानाने चार गट पडतात. पहिला गट कार्यालयातला: पत्रे व तक्ते तयार करणे, नोंदी ठेवणे, ऑनलाइन अर्ज भरणे. तहसील, बँक, दवाखाना, सेवा केंद्र, शाळा, सगळीकडे हे काम आहे. दुसरा गट दुरुस्तीचा आणि मदतीचा: संगणक चालत नाही, प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, अशा वेळी धावून जाणारा किंवा फोनवरून सांगणारा मनुष्य. तिसरा गट जोडणीचा: अनेक संगणक एकमेकांना जोडणे, ती जाळी चालू ठेवणे, आणि दूरच्या मोठ्या संगणकांवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात त्यावर, लोकांची कामे नीट चालली आहेत की नाहीत हे पाहणे. चौथा गट रचनेचा: प्रोग्राम लिहिणे, संकेतस्थळे बांधणे, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम तपासणे. बोलण्यात या चारहींना आपण एकच नाव देतो. पण यांना लागणारे गुण वेगळे आहेत आणि दाखलेही वेगळे आहेत.

पहिल्या गटापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात या वाटेवरून लक्षावधी लोक गेले आहेत. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच साली त्याचा एम.एस.सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. संगणक ही शहरी इंग्रजी शिकलेल्यांची मक्तेदारी आहे, हा समज मोडण्यात या अभ्यासक्रमाचा मोठा वाटा आहे. तो मराठीतून शिकता येतो आणि तालुक्या-तालुक्यांतून त्याची केंद्रे निघाली. त्याच तोलाचा केंद्र सरकारचा अभ्यासक्रम म्हणजे सी.सी.सी.; तो ८० तासांचा आहे आणि नायलिट ही संस्था त्याची परीक्षा घेते. राज्य शासनाच्या नोकरभरतीच्या जाहिराती वाचल्यात तर संगणक अर्हतेच्या कलमात एम.एस.सी.आय.टी. किंवा डोएक सोसायटीची सी.सी.सी., ओ, ए, बी, सी यांपैकी कोणतीही एक परीक्षा, अशा अर्थाचे वाक्य आढळते. डोएक म्हणजे कोण, असा पुष्कळांना प्रश्न पडतो. तीच आजची नायलिट. २०११ साली तिचे नाव बदलले. ही संस्था फार दूरही नाही; तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला आहे.

लिपिक-टंकलेखकाच्या जागेवर डोळा असेल, तर याखेरीज टंकलेखनाचा दाखला लागतो: मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी मिनिटाला ४० शब्द. पूर्वी खडखड वाजणाऱ्या यंत्रावर जी परीक्षा होत असे ती आता संगणकावर होते, आणि ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. हे झाले कार्यालयाच्या वाटेचे. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एम.एस.सी.आय.टी. किंवा सी.सी.सी. ही फाटकातून आत जाण्याची अट आहे. ती नसेल तर अर्जच बाद होतो. पण ती आहे म्हणून पुण्याची कंपनी बोलावून घेईल, असे मुळीच नाही. "एम.एस.सी.आय.टी. केली तरी नोकरी लागली नाही" अशी तक्रार आपण ऐकतो. दोष त्या अभ्यासक्रमाचा नाही. अक्षरओळखीच्या परीक्षेकडून आपण नोकरीची अपेक्षा धरली, एवढेच त्याचे कारण.

याच्या पुढची पायरी म्हणजे एक-एक वर्षाचे दोन सरकारी अभ्यासक्रम. पहिला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आय.टी.आय.मधला. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, ज्याला मुले 'कोपा' म्हणतात, तो व्यवसाय दहावीनंतर एक वर्षाचा आहे. त्यात कार्यालयीन प्रोग्राम, संकेतस्थळाची पाने, प्रोग्रामिंगची तोंडओळख असे सगळे थोडे थोडे येते. आणि शेवटी देशभर चालणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्याचा एक मोठा फायदा पालकांना सहसा माहीत नसतो. आपल्याकडे १९६१ सालचा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याखाली आय.टी.आय. झालेल्या मुलाला एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतात आणि काम शिकत असता विद्यावेतनही देतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र तोडायला यासारखी सरळ वाट नाही.

दुसरा अभ्यासक्रम म्हणजे नायलिटचा ओ लेव्हल. तो बारावीनंतर, किंवा दहावीनंतर एक वर्षाचे आय.टी.आय. केलेल्यांना करता येतो. त्यात चार विषय आहेत: संगणकाची साधने व जाळ्याची मूलतत्त्वे, संकेतस्थळाची रचना, पायथन भाषेतून प्रोग्रामिंग, आणि वस्तूंना इंटरनेटशी जोडण्याचे तंत्र. शिवाय प्रात्यक्षिक आणि प्रकल्प. परीक्षा जानेवारी व जुलैत होतात. सरकारी भरतीत तो चालतो आणि त्यात शिकलेले पुढे खासगी कामालाही उपयोगी पडते. म्हणून ज्यांचा निर्णय अजून दोन्हींच्या मध्ये अडकला आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा.

आता खासगी कंपन्यांकडे वळू. इथे सरकारी शिक्क्यापेक्षा त्या धंद्यात चालणारे दाखले महत्त्वाचे ठरतात. दुरुस्ती आणि मदतीच्या कामासाठी कॉम्पटिया या संस्थेचे ए-प्लस हे प्रमाणपत्र जगभर ओळखले जाते. ते १९९३ साली सुरू झाले. त्यासाठी दोन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात आणि दोन्हींत उत्तीर्ण व्हावे लागते. अर्थात शुल्कही दोनदा पडते. जोडणीच्या कामासाठी सिस्को कंपनीचे सी.सी.एन.ए. आहे. २०२० पासून त्याची एकच परीक्षा आहे आणि तिचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर, वर कर. आपल्या रुपयांत ही रक्कम लहान नाही, म्हणून नापास होण्याची चैन इथे परवडत नाही. क्लाउडची तोंडओळख दाखवणारे दोन दाखले प्रसिद्ध आहेत: मायक्रोसॉफ्टचे अझ्युर फंडामेंटल्स आणि ॲमेझॉनचे क्लाउड प्रॅक्टिशनर. दुसऱ्याचे शुल्क १०० डॉलर आहे.

या दाखल्यांनाही बियाण्याच्या लेबलासारखी मुदत असते. ए-प्लस, सी.सी.एन.ए. आणि ॲमेझॉनचे प्रमाणपत्र प्रत्येकी तीन वर्षे चालते. पुढे नवे करून घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या फंडामेंटल्स वर्गातल्या दाखल्यांना मुदत नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाने सी.सी.एन.ए.ची घाई केली, तर नोकरी शोधायच्या वेळी त्याची मुदत सरत आलेली असते. परीक्षा अशा बेताने द्यावी की, निकाल आणि नोकरीचा अर्ज यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये.

कुणी विचारील, यांत पहिले कोणते? ज्याला यंत्र उघडून पाहण्याची हौस आहे आणि चार लोकांशी गोडीने बोलता येते, त्याने मदतीच्या कामाची वाट धरावी. ज्याला वायर कुठून कुठे गेली याचा माग काढण्यात गंमत वाटते, अंकगणिताचा कंटाळा नाही, त्याने सी.सी.एन.ए.कडे जावे. क्लाउडचे तोंडओळखीचे दाखले एकट्याने फारसे वजन पाडत नाहीत. जोडणी किंवा प्रोग्रामिंग येत असताना त्यांची जोड दिली तर उपयोग होतो. आणि ज्याला प्रोग्रामच लिहायचे आहेत, त्याने प्रमाणपत्रामागे लागण्याआधी स्वतः काहीतरी करून ठेवावे. गावच्या दूध संकलनाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम, शाळेच्या ग्रंथालयाची यादी, असे खरोखर चालणारे दोन नमुने दाखवता आले, तर प्रोग्रामिंगच्या मुलाखतीत त्यांची किंमत कागदापेक्षा अधिक होते. आपल्या गावात अशी कामे पडलेली आहेत. ती करायला पुण्याला जावे लागत नाही.

पैशाचे काय, असे तुम्ही म्हणाल. तर एक गोष्ट नीट समजून घ्या. शिकणे आणि परीक्षा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांतले शिकणे आज पुष्कळ अंशी फुकट आहे. मुंबईच्या आय.आय.टी.चा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन अशा विषयांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, आणि त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात ऐकता येतात. पाठ ऐकायचा, थांबवायचा, तसेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, अशी त्याची रीत आहे. केंद्र सरकारचे स्वयं हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. त्यावर एन.पी.टी.ई.एल.चे पाठ विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे. तिचे अनेक पाठ फुकट आहेत, आणि पॅकेट ट्रेसर नावाचा तिचा प्रोग्राम वापरला तर एकाच संगणकावर पन्नास संगणकांची जाळी लटकी-लटकी जोडून सराव करता येतो. महागडी उपकरणे विकत घेण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांनीही आपल्या परीक्षांचे पाठ विनामूल्य ठेवले आहेत.

पण जे फुकट असते ते अर्धवट सुटते, हाही अनुभव आहे. म्हणून क्लासला मोठी रक्कम भरण्याआधी घरी एक चाचणी घ्यावी. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने किती उगवले ते मोजतो. तसेच इथे करावे. मुलाने किंवा मुलीने एक महिना, रोज एक तास, निवडलेल्या विषयाचे फुकटचे पाठ करावेत. वहीत रोजची तारीख आणि त्या दिवशी केलेले काम लिहावे. महिन्याअखेरीस वही पाहावी. तीस दिवसांपैकी वीस-बावीस दिवस कुणी न सांगता भरले असतील, अडले तिथे त्याने स्वतः वाट शोधली असेल, तर त्या मुलावर पैसा खर्च करायला हरकत नाही. पाच-सात दिवसांतच वही कोरी पडली, तर क्लासच्या फीनेही ती भरणार नाही. दुसरे काम पाहावे. यात कमीपणा काही नाही.

इंग्रजीची अडचण खरी आहे, ती लपवून उपयोग नाही. वर सांगितलेल्या कंपन्यांच्या परीक्षा इंग्रजीतून द्याव्या लागतात. पण हे इंग्रजी कथा-कादंबऱ्यांचे नव्हे. पाचसातशे शब्द आणि ठराविक वाक्ये पुनःपुन्हा येतात. रोज इंग्रजी सूचनांचे एक पान वाचायचे, नवे दहा शब्द वहीत उतरवायचे आणि ते पान मराठीत कुणाला तरी समजावून सांगायचे, असा परिपाठ सहा महिने ठेवला तर मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्या प्रश्नपत्रिकेला भीत नाही. मराठीत समजून घ्यायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे, हा मार्ग पाठांतराहून पुष्कळ बरा.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यायची. पहिला प्रश्न: प्रमाणपत्रावर सही-शिक्का कुणाचा? क्लासचा स्वतःचा, की परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा? 'कोर्स पूर्ण केला' असा कागद आणि 'परीक्षेत उत्तीर्ण झाला' असा कागद, यांत फार अंतर आहे. दुसरा: परीक्षा कोण घेते आणि कुठे घेते? शिकवणारा आणि तपासणारा एकच असेल तर त्या तपासणीला किंमत थोडी. तिसरा: प्रमाणपत्राचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून खरेपणा पडताळता येतो का? चौथा: जे प्रमाणपत्र देणार म्हणता, ते अजून चालू आहे का? हा प्रश्न विचित्र वाटेल. पण मायक्रोसॉफ्टने एम.सी.एस.ई.च्या परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये बंद केल्या. एखाद्या फलकावर ते नाव अजून रंगवलेले दिसले, तर तो क्लास किती जागा आहे याचा अंदाज आपोआप येतो.

त्याबरोबर तीन गोष्टी टाळाव्यात. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. नोकरी कंपनी देते, क्लास देत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कुणाकडेही जमा ठेवू नयेत. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत घ्यावा. आणि फीसाठी हप्त्याचे कर्ज काढून देतो असे कुणी म्हणाले, तर त्या कागदावर वडिलांनी सही करण्यापूर्वी बँकेतल्या माणसाला तो वाचायला द्यावा. क्लास बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही. परीक्षेतले हुबेहूब प्रश्न विकणारेही भेटतील. त्या वाटेला जाऊ नये. ते उघडकीला आले तर संस्था प्रमाणपत्र रद्द करते; आणि नाही आले तरी पहिल्याच दिवशी कामावर पितळ उघडे पडते.

आणखी एक सोपा उपाय सांगतो. नोकरीच्या संकेतस्थळांवरून किंवा वर्तमानपत्रांतून आपल्याला हव्या त्या कामाच्या वीस जाहिराती जमवा. कोणती अर्हता किती वेळा आली, त्या रेघा ओढून मोजा. ज्या प्रमाणपत्राचे नाव एकदाही आले नाही, त्यासाठी पैसे मोजू नका, मग ते कितीही चकचकीत असो. त्याच जाहिरातींत पदवीचा उल्लेख किती वेळा येतो तेही पाहा. तो पुष्कळदा येईल. म्हणून सर्टिफिकेटसाठी कॉलेज सोडू नये. सेलूच्या नूतन महाविद्यालयात किंवा जवळच्या दुसऱ्या कॉलेजात पदवी चालू ठेवून संध्याकाळी हा अभ्यास होऊ शकतो. संगणक शाखेची किंवा अभियांत्रिकीची पदवी ज्यांच्या हाती आहे, त्यांनी सी-डॅकच्या सुमारे सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकेची चौकशी करावी. पुण्याची ही केंद्र सरकारची संस्था १९८८ सालची आहे आणि तिच्या पदविकेला प्रवेशपरीक्षा देऊनच जाता येते.

आता सगळे एकत्र मांडू. मुलगा दहावी झाला आहे आणि लवकर हाताला काम हवे आहे: आय.टी.आय.मध्ये कोपा, नंतर शिकाऊ उमेदवारी. मुलगी बारावी कला किंवा वाणिज्य झाली आहे आणि सरकारी कार्यालयाकडे ओढा आहे: एम.एस.सी.आय.टी. किंवा सी.सी.सी., टंकलेखन, आणि जमल्यास ओ लेव्हल, पदवी बरोबरीने. बारावी विज्ञान आहे, जोडणीची आवड आहे: पदवीची पहिली दोन वर्षे फुकटचे पाठ व सराव, शेवटच्या वर्षी सी.सी.एन.ए. प्रोग्रामिंगची आवड आहे: एक भाषा नीट, चालणारे दोन नमुने, एन.पी.टी.ई.एल.ची एखादी परीक्षा, मग अर्ज. कुठल्याही वाटेवर पहिले प्रमाणपत्र एकच घ्यावे. एकाच वेळी चार कोर्स लावणे म्हणजे एकाच वाफ्यात चार पिके दाटणे. एकही अंग धरीत नाही.

काळ बदलतो आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून लिहिणारी, तक्ते भरणारी, साधे प्रोग्राम रचणारी यंत्रे सर्रास वापरात आली आहेत. नुसत्या नोंदी टंकून देण्याच्या कामावर यापुढे फार विसंबता येणार नाही. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखणारा मनुष्य मात्र लागणारच. म्हणून कोणतेही प्रमाणपत्र करताना 'हे असे का?' हा प्रश्न सोडू नका.

शिक्षक बंधु-भगिनींना शेवटी एक विनंती आहे. पालक सल्ला विचारायला आधी तुमच्याकडे येतात, क्लासवाल्याकडे नंतर जातात. शाळेच्या फलकावर वरचे चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आय.टी.आय.च्या प्रवेशाच्या तारखा आणि नायलिटच्या परीक्षांच्या तारखा तिथेच लावा. शाळेत संगणक असतील, तर सुटीच्या दिवशी दोन तास खोली उघडी ठेवता येते का ते पाहा; ज्या घरात एकच फोन आहे आणि तो भावाच्या हातात असतो, त्या घरातल्या मुलीला ते दोन तास फार मोलाचे आहेत. परीक्षेचा अर्ज भरताना मुलाचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते की नाही, हे एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. एवढ्याशा फरकाने केंद्राच्या दारातून मुले परत येतात. परीक्षा घरून देता येते असे सांगितले तरी आपल्याकडची वीज आणि इंटरनेट ध्यानात घेऊन केंद्रावरच द्यायला सांगा.

आणि पालकहो, फी भरायची घाई करू नका. एक महिना थांबा. वही विकत आणा, वीस जाहिराती जमवा, चार प्रश्न विचारा. याला खर्च येतो तो वहीचा.